ट्यूब हेडफोन अँप: दोन चॅनलमधला १२ व्होल्टचा फरक, डाव्या कानातली हमिंग आणि ढिला बेस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही १२एयू७ (सिग्नल वाढवणारी छोटी ट्यूब) आणि ६०८० (हेडफोन चालवणारी मोठी ट्यूब) वाला ओटीएल हेडफोन अँप बांधलाय, म्हणजे आऊटपुट ट्रान्सफॉर्मर नाही, प्रत्येक ट्यूबचा एक अर्धा भाग डाव्या चॅनलला आणि दुसरा उजव्याला. सर्किटच्या कागदावर बी प्लस, म्हणजे ट्यूबना मिळणारा मुख्य डीसी सप्लाय, १७० व्होल्ट आहे, तुम्हाला १८१ मिळतोय. १२एयू७ ची प्लेट (ट्यूबमधला इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) कागदावर ७८, तुमच्याकडे डावी ७१ आणि उजवी ९०. ६०८० चा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) कागदावर १०२, तुमच्याकडे १०१ आणि ११३. हीटर (कॅथोड तापवणारी तार) ६.६५. ट्रान्सफॉर्मरवर २३० लिहिलंय आणि प्लगमध्ये २४३ येतात. ३०० ओहमच्या हेडफोनवर आवाज एकदम उबदार आणि भरलेला, पण ३२ ओहमचा लावला की बेस ढिला पडतो, पसरतो, व्हॉल्यूम वाढवला की फाटतो. शिवाय डाव्या कानात बारीक हमिंग आहे. आणि विचारताय की व्होल्टेज चुकलेत का, दोन्ही ट्यूब बदलू का, आणि आऊटपुटचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मोठा केला तर बेस सुधारेल का.

व्होल्टेज चुकलेले नाहीत. ६०८० ला काहीही झालेलं नाही. १२एयू७ चे दोन अर्धे भाग एकमेकांशी जुळत नाहीत, ते हवं तर बदला पण घाई नाही. आणि कपॅसिटरला हात लावू नका, बेसचं कारण तिथे नाहीच. आता हे मी कशावरून म्हणतोय ते सांगतो, कारण ही वाचायची पद्धत एकदा हातात बसली की पुढच्या कुठल्याही ट्यूब अँपला कामाला येते.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही प्लीज नुसती वाचून पुढे जाऊ नका. पॉवर सप्लायमध्ये तीन २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतील तर १८० व्होल्टला त्यांच्यात मिळून साधारण १० जूल साठलेले असतात, आणि स्विच बंद केला म्हणून ते जात नाहीत. २७० के चा ब्लीडर, म्हणजे साठलेलं उतरवणारा रेझिस्टर, असला तरी पूर्ण उतरायला १५ मिनिटं लागतात. त्यामुळे काळी प्रोब क्रोकोडाइल क्लिपने ग्राउंडला लावून ठेवायची, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात खिशात. बंद केल्यावर मीटर बी प्लसवर लावून आकडा ५ व्होल्टच्या खाली आलेला डोळ्यांनी बघायचा आणि मगच आत बोट घालायचं. मी इतकी वर्षं हे करतोय, आजही दर वेळी बघतो.

दुसरं म्हणजे मीटर. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अँपवर मी सलग दोन रात्री घालवल्या, सगळीकडे व्होल्टेज १०-१२ टक्के जास्त दिसत होते, मी ट्यूब बदलल्या, रेझिस्टर बदलले, ट्रान्सफॉर्मरवर शंका घेतली, शेवटी कळलं की मीटरची बॅटरी उतरलीय. बऱ्याच डिजिटल मीटरचा आकडा बॅटरी उतरली की वर सरकतो, आणि कोपऱ्यातलं ते छोटं बॅटरीचं चिन्ह आपण बघतच नाही. तेव्हा पहिल्यांदा बॅटरी, मग माहितीतल्या एखाद्या व्होल्टेजवर मीटर तपासा. अजून एक, डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स बहुतेक वेळा १० मेगओहम असतो, प्लेटवर किंवा कॅथोडवर त्याने काही बिघडत नाही, पण जिथे १ मेगचा रेझिस्टर मधे आहे तिथे तो ९ टक्के कमी दाखवणार. असा एखादा पॉइंट कमी दिसला म्हणून घाबरू नका.

आणि मोजायचं कधी, तर अँप चालू करून किमान १५ मिनिटांनी, ट्यूब बसवलेल्या असताना. ६०८० चा हीटर २.५ अँपिअर खातो, ट्यूब मोठी आहे, तापून स्थिर व्हायला वेळ घेते. हीटरचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या टोकावर नाही, सॉकेटच्या ७ आणि ८ नंबरच्या पिनवर मोजायचं, कारण २.५ अँपिअरला वायरमधला आणि एखाद्या कच्च्या सोल्डरमधला ड्रॉप लगेच दिसतो. ट्यूब काढून मोजलंत तर आकडा वर जाणारच, त्याला काही अर्थ नाही. पिन मोजताना सॉकेट खालून बघायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायचं, ही चूक नवीन असताना सगळ्यांची होते.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. कागदावर १७० आणि तुमच्याकडे १८१, म्हणजे साडेसहा टक्के जास्त. पण मेन्स २३० च्या जागी २४३ आहे, म्हणजे तीच साडेपाच टक्के वर. १७० ला त्याच प्रमाणात वाढवा, १८० येतात. हीटर ६.३ चा वाढवा, ६.६५ येतो, आणि तुम्हाला बरोब्बर तेवढाच मिळालाय. दोन अगदी वेगळ्या वाइंडिंग, दोन्ही एकाच प्रमाणात वर, म्हणजे कारण अँपच्या बाहेर आहे. बी प्लस एकटा वर असता आणि हीटर ६.३ वरच असता तर मी म्हटलं असतं की ट्यूब करंट कमी घेतायत, सप्लायवर लोड नाही, आत शोधा. म्हणून सांगतो की एकच आकडा कागदाशी जुळवून काही कळत नाही, दोन-तीन आकडे एकमेकांशी लावले की अँप स्वतःच बोलायला लागतो. हीटरला वरखाली १० टक्के चालतं असं धरतात, म्हणजे ६.९ पर्यंत, पण मला ५ टक्क्यांच्या आत आवडतं कारण जास्त तापलेला कॅथोड लवकर संपतो. ६.६५ थोडासा वर आहे. ट्रान्सफॉर्मरला २४० चा टॅप (२४० व्होल्टसाठीचं वेगळं टोक) असेल तर तो वापरा, दोन्ही गोष्टी एकदम जागेवर येतील. टॅप नसेल तर तसंच चालू द्या.

फक्त एक तपासून घ्या. स्विच टाकल्यावर पहिले २०-३० सेकंद ट्यूब थंड असतात, कोणी करंट घेत नाही, त्यामुळे बी प्लस नेहमीपेक्षा बराच वर चढतो. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारी वाइंडिंग) १५० व्होल्टची असेल तर रिकाम्या सप्लायवर २१२ होतात, तुमच्या मेन्सला २२४. सप्लायचे कपॅसिटर २०० व्होल्टचे असतील तर ते रोज सकाळी अर्धा मिनिट मार खातायत. कपॅसिटरवर २५० लिहिलेलं असेल तर निश्चिंत. थंड अँप चालू करताना मीटर लावून तो सर्वात वरचा आकडा एकदा बघून लिहून ठेवा, हे मोजमाप फार लोक करत नाहीत आणि मग दोन वर्षांनी कपॅसिटर फुगतो तेव्हा ट्यूबला दोष देतात.

आता डावं-उजवं, माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सर्वात मजेशीर भाग हा आहे. १२एयू७ ची प्लेट थेट ६०८० च्या ग्रिडला (करंट कमी-जास्त करणारी जाळी) जोडलेली आहे, मधे कपॅसिटर नाही, म्हणजे प्लेटचं व्होल्टेज हेच ग्रिडचं व्होल्टेज. डावी प्लेट ७१, उजवी ९०, फरक १९. कॅथोड १०१ आणि ११३, फरक १२. ६०८० इथे कॅथोड फॉलोअर आहे, म्हणजे सिग्नल कॅथोडवरून बाहेर घेतलाय, आणि असं म्हटलं की कॅथोड ग्रिडच्या मागे तेवढाच चालायला हवा असं वाटतं, मग १९ चे १२ कसे झाले? तर ६०८० चा म्यू, म्हणजे ट्यूबची सिग्नल वाढवायची क्षमता, फक्त २ आहे. असल्या ट्यूबमध्ये कॅथोड ग्रिडच्या मागे साधारण दोन तृतीयांशच चालतो. १९ चे दोन तृतीयांश किती, पावणेतेरा. तुम्हाला १२ मिळाले. म्हणजे ६०८० चे दोन्ही अर्धे भाग अगदी शहाण्यासारखे वागतायत, त्यांना ग्रिडवर वेगवेगळं व्होल्टेज मिळतंय म्हणून ते वेगवेगळ्या जागी बसलेत. ६०८० मुळात ऑडिओसाठी बनवलेली ट्यूबच नाही, रेग्युलेटेड पॉवर सप्लायमध्ये करंट पास करायला ती काढली होती, आणि तिच्या दोन भागांत बराच फरक असणं नेहमीचंच आहे, त्यामुळे तुमची इतकी जुळलेली निघाली हे खरं तर नशीब समजा.

मग फरक १२एयू७ मध्ये. प्लेट रेझिस्टर २२ के आहे, त्यावरून करंट काढा. डावीकडे १८१ वजा ७१, ११० व्होल्ट भागिले २२ के, ५ मिलिअँप. उजवीकडे ९१ व्होल्ट, ४.१ मिलिअँप. दोन्हीच्या कॅथोडला लाल एलईडीचा बायस (ट्यूबचा स्थिर करंट ठरवणारं व्होल्टेज) आहे आणि तुम्ही दोन्हीकडे १.६ मोजलेत, म्हणजे बायस सारखाच, त्यामुळे करंटमधला फरक सरळ ट्यूबचाच. जुन्या किंवा न जुळवलेल्या १२एयू७ मध्ये एवढा फरक मी कितीतरी वेळा बघितलाय. तरी एक खात्री करा, दोन्ही २२ के अँप बंद करून, कपॅसिटर उतरल्यावर, ट्यूब काढून मीटरने मोजा. एक २२ आणि दुसरा १९ निघाला तर माझा सगळा तर्क बाजूला ठेवा आणि रेझिस्टर बदला.

हा फरक आवाजात किती येतो? तुम्हाला वाटतंय त्याच्या मानाने फारच कमी. ६०८० मधून करंट डावीकडे १०१ भागिले कॅथोडखालचा ३ के चा रेझिस्टर म्हणजे ३३.७ मिलिअँप, उजवीकडे ३७.७. प्लेट ते कॅथोड डावीकडे ८० व्होल्ट, उजवीकडे ६८. गुणाकार केला तर दोन्हीकडे अडीच-पावणेतीन वॅट, आणि ट्यूबची मर्यादा प्रत्येक भागाला १३ वॅट. ट्यूब आरामात आहे. उलट उजवीकडचा ३ के चा रेझिस्टर सव्वाचार वॅट उष्णता टाकतोय, तो १० वॅटचा असू द्या आणि चासीपासून थोडा उचलून लावलेला असू द्या, त्याच्या शेजारी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टेकवू नका. गेनमधला, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्यातला, फरक फार तर एखादा डीबी (आवाजाच्या पातळीचं माप) असेल. एवढा फरक तर साध्या कार्बन पॉटमध्येही (व्हॉल्यूमच्या बटणामागचा रेझिस्टर) सापडतो, विशेषतः पॉट अगदी खाली असताना, तेव्हा आवाज एका बाजूला झुकतोय असं वाटलं तर आधी पॉट अर्ध्यावर आणून आणि सोर्सकडून आवाज कमी करून ऐका. झुकाव गेला तर ट्यूब निर्दोष.

काळजी कधी करायची तेही सांगून टाकतो. १२एयू७ ची प्लेट बी प्लसच्या अगदी जवळ, १६०-१७० ला गेली तर ट्यूब करंट घेत नाही, हीटर पेटलाय का बघा, एलईडी उघडा पडलाय का बघा, पिन सैल आहे का बघा. प्लेट नेहमीपेक्षा बरीच खाली आली तर एलईडी शॉर्ट किंवा ग्रिडवर कुठून तरी पॉझिटिव्ह येतंय. ६०८० चा कॅथोड शून्याजवळ असेल तर तो भाग चालतच नाही, आणि कॅथोड बी प्लसइतकाच असेल तर ट्यूबच्या आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. तुमचं यातलं काहीच नाही.

हेडफोन जॅकवरचं डीसी मात्र तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते कॅथोडच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. कॅथोडवर ११३ व्होल्ट आहेत आणि तुमच्या कानात आणि त्यांच्यात फक्त एक कपॅसिटर उभा आहे. हेडफोन काढून, मीटर मिलिव्होल्ट डीसीवर ठेवून, चालू केल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी जॅकच्या टिपवर आणि रिंगवर मोजा. ५ मिलिव्होल्टच्या आत हवं. ३० च्या वर जाऊन तिथेच थांबलं तर कपॅसिटर लीक करतोय, बदला. पहिल्या मिनिटात आकडा मोठा दिसेल कारण कपॅसिटर चार्ज होत असतो, म्हणूनच हेडफोन नेहमी अँप गरम झाल्यावर लावायचा आणि बंद करायच्या आधी काढायचा. चांगल्या हेडफोनची कॉइल अशा एका धक्क्यात जाऊ शकते.

हमिंगबद्दल. ती फक्त डावीकडे आहे ही फार उपयोगी माहिती आहे. इनपुट केबलचं डावं-उजवं उलटं करा, हमिंग उजवीकडे गेली तर सोर्स किंवा केबल, डावीकडेच राहिली तर अँपच्या आत. मग पॉट शून्यावर न्या. शून्यावरही तेवढीच असेल तर पॉटच्या पुढे कुठेतरी आहे. पॉट मध्यावर असताना सर्वात जास्त आणि दोन्ही टोकांना कमी असेल तर पॉट ते ग्रिड ही वायर बाहेरचं पकडतेय. मग सूर ओळखा, फोनवर टोन जनरेटर लावून ५० आणि १०० हर्ट्झ ऐकून घ्या आणि तुलना करा (जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे ६० आणि १२०). ५० चा सूर खोल आणि गोल असतो, तो हीटरच्या वायरमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. १०० चा जरा खरखरीत असतो, तो रेक्टिफायरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) किंवा ग्राउंड चुकीच्या ठिकाणी जोडल्याचा. रिपल दोन्ही कानांत जवळपास सारखाच यायला हवा, तुमचा एकाच कानात आहे म्हणून माझी पैज ५० वर आहे.

आता सर्वसाधारण सल्ला असा मिळेल की हीटर आणि कॅथोडमध्ये लीकेज आहे, ट्यूब बदला. पण तुमच्या सर्किटमध्ये १२एयू७ च्या कॅथोडला एलईडी आहे आणि एलईडीचा एसीसाठीचा रेझिस्टन्स अगदी थोडा, काही ओहम असतो, त्यामुळे हीटरमधून कॅथोडवर थोडं लीक झालं तरी ते तिथल्या तिथे ग्राउंडला जातं. जिथे कॅथोडला एलईडीऐवजी रेझिस्टर असतो आणि त्याला समांतर बायपास कपॅसिटर नसतो अशा अँपमध्ये हीच लीकेज भरपूर ऐकू येते. म्हणून मी आधी वायरिंग बघीन. डाव्या चॅनलची ग्रिडची वायर हीटरच्या जोडीला समांतर गेलीय का बघा. हीटरच्या दोन वायर घट्ट पिळलेल्या हव्यात, चासीच्या कोपऱ्याला दाबलेल्या, आणि ग्रिडच्या वायरने त्यांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. अँप चालू असताना कोरड्या लाकडी काडीने, फक्त काडीनेच, ती ग्रिडची वायर हळूच इकडेतिकडे सरकवा आणि ऐका. हमिंग कमी-जास्त झाली की गुन्हेगार सापडला. मी जेवढे घरी बांधलेले अँप दुरुस्त केलेत त्यातल्या बऱ्याच जणांची हमिंग अशा दोन सेंटिमीटरमध्ये गेली. तरी राहिली तर हीटर वाइंडिंगच्या सेंटर टॅपला ग्राउंडऐवजी ४०-५० व्होल्ट पॉझिटिव्ह द्या, बी प्लसवरून दोन रेझिस्टरचा डिव्हायडर आणि एक कपॅसिटर एवढंच लागतं. ६०८० चे कॅथोड शंभरच्या वर आहेत, १२एयू७ चे दीडवर, ४०-५० दोघांनाही मानवतं.

आता आवाज. ३२ ओहमवर बेस बिघडतो त्याचं खापर सगळे आऊटपुट कपॅसिटरवर फोडतात, तर हिशोब करून बघू. या करंटला ६०८० चा आऊटपुट इंपीडन्स (सिग्नलसाठीचा तिचा स्वतःचा रेझिस्टन्स) साधारण १२० ओहम पडतो. कपॅसिटरला दिसणारा रेझिस्टन्स म्हणजे तो अधिक हेडफोन, १५२ ओहम. १०० मायक्रोफॅरड आणि १५२ ओहमला ३ डीबीचा बिंदू (ज्याच्या खाली बेस उतरत जातो) साडेदहा हर्ट्झवर येतो. ३०० ओहमच्या हेडफोनला तो ४ हर्ट्झच्या खाली. साडेदहा हर्ट्झ ऐकूच येत नाही, तिथला ३ डीबी वाचवायला २०० चा कपॅसिटर लावून तुमच्या कानाला काही मिळणार नाही, फक्त चार्जिंगचा धक्का मोठा होईल.

खरी गोष्ट त्या १२० ओहममध्ये आहे. अँपचा आऊटपुट इंपीडन्स आणि हेडफोन मिळून एक डिव्हायडर बनतो. ३०० ओहमला पोचायच्या आधी ३ डीबी जातात, ३२ ओहमला साडेतेरा. म्हणून तुम्हाला व्हॉल्यूम इतका वाढवावा लागतो. पण त्याहून महत्त्वाचं, हेडफोनचा इंपीडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा नसतो. सेनहायझरचे एचडी ६०० किंवा ६५० घ्या, नावाला ३०० ओहम पण बेसमध्ये, १०० हर्ट्झच्या आसपास, ते ५०० च्या जवळ जातात. १२० ओहमच्या अँपवर तिथे साधारण १ डीबी आवाज वाढतो. १ डीबी, रुंद पट्ट्यात, बेस ते लोअर मिडमध्ये. तुम्ही ज्याला उबदार आणि भरलेला म्हणताय त्यातला मोठा वाटा हा आहे, आणि मला तो मनापासून आवडतो, त्यात कमीपणा काही नाही. तेच ३२ ओहमच्या एखाद्या हेडफोनचा इंपीडन्स बेसमध्ये ६० पर्यंत जात असेल तर तिथे ४ डीबी वाढतात, आणि अँपची कॉइलवरची पकडही सुटते, मग बेस ढिला, पसरलेला, तुम्ही लिहिलंय अगदी तसाच. प्लेनार (सपाट पडद्याच्या) हेडफोनचा इंपीडन्स जवळपास सपाट असतो, त्यांना हा फुगवटा येत नाही, पण त्यांना करंट लागतो आणि तो इथे नाही.

करंटचा हिशोबही बघा म्हणजे फाटण्याचं कळेल. स्थिर करंट ३५ मिलिअँपच्या आसपास आहे, क्लास ए मध्ये (ट्यूब सतत करंट घेत असते त्या पद्धतीत) त्याच्या पलीकडे सिग्नल जाऊ शकत नाही. ३२ ओहममध्ये ३५ मिलिअँप म्हणजे पीकला १.१ व्होल्ट, साधारण २० मिलिवॅट, आणि विकृती त्याच्या खूप आधी सुरू होते. ३०० ओहममध्ये तोच करंट साडेदहा व्होल्ट पीक देतो, १८० मिलिवॅट. अँप एकच, ट्यूब त्याच, फक्त समोरचा बदलला. म्हणून माझं स्पष्ट मत, हा अँप २५० ओहम आणि त्याच्या वरच्या हेडफोनसाठीच ठेवा. ३२ ओहमसाठी आऊटपुट ट्रान्सफॉर्मरवाला किंवा पुढे मॉसफेट बफर (जास्त करंट देणारा ट्रान्झिस्टर) असलेला अँप घ्या. ट्यूब बदलून हे सुटणार नाही.

ट्यूब बदलण्यावरून आठवलं, ५९९८ लावा असा सल्ला तुम्हाला नक्की मिळणार, किंवा मिळालाच असेल. ती ६०८० च्या जागी बसते, म्यू साडेपाचच्या आसपास, आऊटपुट इंपीडन्स बराच कमी, बेस खरोखर आवरतो. पण म्यू वाढला की आऊटपुट स्टेजचा गेनही वाढतो, ०.६४ वरून ०.८३, म्हणजे पॉट न हलवता आवाज निदान २ डीबीने मोठा. आणि मोठा आवाज माणसाच्या कानाला नेहमी जास्त स्पष्ट, जास्त जिवंत वाटतो, अर्धा डीबी पुरतो. तेव्हा ती लावल्यावर जो पडदा दूर झाल्यासारखा वाटतो त्यातला किती भाग ट्यूबचा आणि किती त्या २ डीबीचा हे वेगळं करायलाच हवं. लावल्यावर कॅथोडही काही व्होल्ट खाली येईल, घाबरू नका. १२एयू७ च्या जागी मात्र १२एएक्स७ लावून बघू नका, पिना तशाच असल्या तरी १.६ व्होल्ट बायसला ती नगण्य करंट घेते, प्लेट बी प्लसकडे पळते आणि तिच्यामागे ६०८० चा कॅथोडही. ५८१४ए चालते, हीटर करंट किंचित जास्त घेते एवढंच.

वेगळं करायचं कसं, तर ४०० हर्ट्झचा टोन लावा, हेडफोन जोडलेला असताना जॅकवर मीटरने एसी व्होल्ट मोजा, लिहून ठेवा. ४०० एवढ्यासाठी की बरेच साधे मीटर त्याच्यापुढे एसी नीट मोजत नाहीत. ट्यूब बदला, १५ मिनिटं थांबा, पॉट फिरवून तोच आकडा आणा, एक टक्क्याच्या आत, म्हणजे ०.१ डीबीच्या आत. मग ऐका. शक्य असेल तर ट्यूब दुसऱ्या कोणाला बदलायला सांगा आणि कुठली लावलीय ते तुम्हाला सांगू नका म्हणा. असं ऐकलं की निम्म्या गोष्टी गायब होतात, पण ज्या उरतात त्या खऱ्या असतात, आणि त्या ऐकताना जो आनंद होतो तो वेगळाच.

ऐकताना मी काय लावतो? एकटा तानपुरा, कारण खर्जाच्या तारेनंतर जी झंकार उरते ती अँप गढूळ असेल तर लगेच मिसळून जाते. तबल्याचा बायां, घुमारा येतो आणि थांबतो, थांबायला उशीर झाला की आऊटपुट इंपीडन्स आणि हेडफोन जुळत नाहीत. पियानोचे जोरात वाजवलेले एकत्र सूर, सिंगल एंडेड ट्रायोडमध्ये (तुमच्यासारख्या, एकच ट्यूब पूर्ण सिग्नल सांभाळते अशा सर्किटमध्ये) मुख्यतः दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) येतो, एका सुरावर तो गोड लागतो पण अनेक सूर एकत्र आले की एकमेकांत कालवले जातात, आणि व्हॉल्यूम वाढवत गेलात की कुठल्या पातळीला हे कालवणं सुरू होतं तेच तुमच्या अँपचं खरं टोक. शेवटी काहीच न लावता, पॉट नेहमीच्या जागी ठेवून, शांततेत दोन मिनिटं. फुसफुस, खरखर, टिकटिक, सगळं इथे कळतं. पेन्सिलच्या मागच्या रबराने १२एयू७ ला हलकेच टिचकी मारा, टण्ण करून आवाज बराच वेळ घुमत राहिला तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, हेडफोनमध्ये हे स्पीकरपेक्षा खूप जास्त त्रास देतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अँप बंद करून, कपॅसिटर उतरवून, दोन्ही ट्यूबच्या पिना आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, ट्यूब दोन-तीनदा आत-बाहेर करा, खरखर आणि कधी कधी अर्धी हमिंग इथेच जाते. मग ग्रिडची वायर. मग दोन्ही २२ के. मग मिळाली तर दोन्ही भाग जुळवलेली १२एयू७. ६०८० तीच राहू द्या. आणि मला तीन आकडे कळवा: जॅकवरचं डीसी दोन्ही बाजूंना, थंड चालू करतानाचा बी प्लसचा सर्वात वरचा आकडा आणि सप्लायच्या कपॅसिटरवर किती व्होल्ट लिहिलंय ते. पहिला आकडा येईपर्यंत ३०० ओहमचा चांगला हेडफोन बाजूला ठेवून एखादा जुना लावा.